मदत हवी आहे: एओएममध्ये (अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर, म्हणजे आवाजाच्या लाटांनी लाइट वळवणारा स्विच) स्पीड वाढवला की एफिशियन्सी पडते

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी लेसर चालू-बंद करायचा स्विच बनवतोय. टेल्युरियम डायऑक्साइडचा क्रिस्टल आहे, साधारण २० मिमी लांब, त्यात आवाजाच्या लाटा सोडणारा ड्रायव्हर ८० मेगाहर्ट्झचा आणि लेसर ६३३ नॅनोमीटरचा लाल. आवाज क्रिस्टलमधून ४२०० मीटर प्रति सेकंद जातो म्हणजे लाटेची लांबी साधारण ५२ मायक्रॉन, त्या लाटांची जणू जाळीच तयार होते आणि लाइट तिच्यावरून वळतो. सुरुवातीला मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना फिके ठिपके दिसत होते, मग क्रिस्टल अगदी हळू, जेमतेम ०.३५ अंश फिरवला आणि एका बाजूचा ठिपका एकदम झगमगला, मीटरभर लांब कागदावर १२ मिमी बाजूला, तो क्षण खरंच भारी होता!

अडचण आता सांगतो. १ मिमीचा बीम थेट सोडला तर ७० टक्के लाइट वळतो पण चालू व्हायला १५० नॅनोसेकंद लागतात, कारण आवाजाला बीम ओलांडायलाच वेळ जातो. म्हणून बीम बारीक करायला २०० मिमीची लेन्स लावली, वेळ २५ वर आला पण एफिशियन्सी ४० टक्क्यांवर घसरली. पॉवर वाढवूनही फरक नाही. मला वाटतं फोकस केलेला बीम आवाजाच्या लाटेपेक्षा जास्त कोनात पसरतोय, म्हणून त्याचा काही भाग वळतच नाही. मला ५० नॅनोसेकंद चालतील, तर बीम कमी पसरवणारी ४०० मिमीची लेन्स घेऊ का? कोणी हे केलंय का, प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात सरांना रीडिंग दाखवायचंय.