काकांच्या नावाने मेल, पण काकांनी पाठवलाच नाही

ए ३०४: कमिटीतल्या सगळ्यांनी लगेच वाचा. सेक्रेटरी काकांच्या नावाने झिप फाईलवाला मेल आलाय तो उघडू नका. मागच्या इतिवृत्ताच्या मेललाच रिप्लाय दिसतोय, खाली आपलं जुनं बोलणंही आहे, म्हणून खरा वाटतो.

बी १०२: अहो मी काहीच पाठवलं नाही! चौघांचेही फोन येऊन गेले. पासवर्डसुद्धा बदलला.

ए ३०४: काका तुम्ही घाबरू नका. नावावर बोट ठेवून पत्ता बघा, नाव तुमचं आणि पत्ता भलत्याच कुणाचा. पाकिटावर पाठवणारा म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं ना, तसंच. कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधून जुने मेल चोरले गेलेत आणि आता ते तिसऱ्याच कुणाच्या मशीनवरून जातायत. इमोटेट नावाचं बॉटनेट, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या कॉम्प्युटरांचं जाळं, हेच करायचं, २०२१च्या जानेवारीत अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून ते बंद पाडलं तर नोव्हेंबरात पुन्हा सुरू. आणि झिपला पासवर्ड का, तर व्हायरस शोधणाऱ्या स्कॅनरला आतलं दिसू नये म्हणून.

सी ४०१: पण यांना मिळतं काय? स्पॅममधल्या त्या गोळ्या घेतं कोण?

ए ३०४: जवळजवळ कुणीच नाही ताई. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्टॉर्म बॉटनेटमध्ये शिरून मोजलं होतं, सुमारे ३५ कोटी मेल आणि विक्री फक्त २८. तरी परवडतं, कारण वीज दुसऱ्याची, इंटरनेट दुसऱ्याचं, आणि आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ब्लॅकलिस्ट झाला तर तोही त्याच बिचाऱ्याचा. २०११ मध्ये रस्टॉक नावाचं असंच बॉटनेट बंद पाडलं त्यात दहा लाखांच्या आसपास कॉम्प्युटर होते, मालकांना गंधवार्ता नाही. मला याचाच राग येतो, साध्या माणसाचं मशीन राबवायचं आणि वर बदनामीही त्याचीच.

बी १०२: मग आपल्यात कुणाचं मशीन ते कळणार कसं?

ए ३०४: खालचा मजकूर फक्त आपल्या पाच जणांना गेला होता, म्हणजे पाचातलंच एक. परवा-तेरवा कुणी वर्डची फाईल उघडून वरचं पिवळं ‘एनेबल कंटेंट’ दाबलंय का? त्यानेच फाईलमध्ये लपलेला प्रोग्राम चालू होतो. खरं सांगा, कुणी काही बोलणार नाही.

डी २०३: मी दाबलं होतं... बिल म्हणून आलेलं, उघडल्यावर आत काहीच नव्हतं म्हणून सोडून दिलं. सॉरी हो सगळ्यांना.

ए ३०४: सॉरी कशाला दादा, बरं झालं सांगितलंत. आत्ता त्या लॅपटॉपचं वायफाय बंद करा, बँकेचं त्यावर काही उघडू नका, मेलचा आणि बँकेचा पासवर्ड मोबाईलवरून बदला. मी आठला येते, पेनड्राईव्ह मात्र लावून ठेवू नका.