मदत हवी आहे: श्वासनलिकेत नळी असलेल्या जखमीचा ट्रॉमा स्कोअर कसा काढावा?

गंभीर जखमींच्या जिवाला असलेला धोका आम्ही सुधारित ट्रॉमा स्कोअरने, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल (डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या प्रतिसादांना गुण देऊन शुद्धी मोजणारी पट्टी), सिस्टोलिक (वरचा) रक्तदाब आणि श्वसनाचा वेग यांवरून अजमावतो. परंतु रुग्ण नळी टाकूनच आणला गेला, तर बोलण्याचा प्रतिसाद तपासताच येत नाही आणि श्वसनाचा वेगही व्हेंटिलेटरचाच मोजला जातो. बोलण्याला सरसकट १ गुण देणे मला पटत नाही, कारण नळीपूर्वी नीट बोलत असलेला रुग्णही कागदावर अत्यवस्थ ठरतो. अशा वेळी नळीपूर्वीची नोंद ग्राह्य धरावी, की केवळ हालचालीच्या प्रतिसादावर (१ ते ६ गुण) विसंबावे? शिवाय इंजुरी सिव्हिरिटी स्कोअरमध्ये (इजांच्या तीव्रतेच्या गुणांकात) शरीराच्या प्रत्येक भागातील सर्वांत गंभीर इजाच मोजत असल्याने दोन्ही मांड्यांची हाडे मोडली तरी एकच इजा धरली जाते. तेथे भाग न पाहता सर्वांत गंभीर तीन इजा मोजणारा, या स्कोअरचा १९९७चा नवा प्रकार वापरावा का? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.