मदत हवी आहे: पायथनमध्ये पाया बदलणारा प्रोग्रॅम, उणे संख्येला लूप थांबत नाही

नमस्कार मंडळी,

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागून तीन आठवडे झालेत. दशमान संख्या दुसऱ्या पायात (म्हणजे दहाऐवजी २ किंवा १६ वर आधारलेल्या मोजणीत) बदलणारा छोटा प्रोग्रॅम लिहितोय. बिन, हेक्स ही त्यासाठीची तयार फंक्शनं आहेत हे माहीत आहे, पण भागाकार स्वतः करून बघायचाय.

पद्धत साधीच: २ ने भागत जायचं, बाकी लिहून ठेवायची, भागाकार ० झाला की थांबायचं. १३ ला बाकी येते १, ०, १, १. ती आली तशी जोडली तर १०११ झालं, म्हणजे दशमानात चक्क ११! नवी बाकी डावीकडे जोडायला लागलो तेव्हा कुठे ११०१ आलं. (त्याआधी पूर्णांक भागाकाराच्या दोन तिरप्या रेघांऐवजी एकच दिली होती, तर भागाकार ६.५. तो रविवार त्यातच गेला.)

आता अडलोय ते असं. पाया १६ घेतला की २५५ चं उत्तर १५१५ येतं, हवंय एफएफ (१६ च्या पायात १० ते १५ साठी ए ते एफ ही अक्षरं वापरतात). दहा आणि त्यापुढच्या प्रत्येक बाकीला वेगळी इफ अट लिहू, की सोळा चिन्हांची एक स्ट्रिंग (सलग ओळ) करून त्यातून उचलू?

आणि -१३ दिलं की लूप (भागाकार पुन्हापुन्हा करणारा भाग) थांबतच नाही. प्रिंट लावून पाहिलं: -७, -४, -२, -१, मग नुसतं -१, -१, -१. उणे चिन्ह आधी बाजूला काढून शेवटी चिकटवलं तर चालेल का? की दोनचा पूरक (संगणकात उणे संख्या लिहायची पद्धत) वगैरे आत्ताच शिकावं लागेल?

गंमत म्हणजे देवनागरीत १३ टाइप केलं तरी इंट (टाइप केलेल्याची पूर्णांक संख्या करणारं फंक्शन) ते मुकाट्याने घेतं!

तयार कोड नको, फक्त दिशा दाखवा.