'मायामी व्हाइस': गुप्त पोलिसांची मालिका की कोटांची जाहिरात?

निशाचर
एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर १९८४ साली सुरू झालेली 'मायामी व्हाइस' परत बघतोय. गुप्त पोलिसांवरच्या मालिकांत हिला जो मान देतात, तो मला काही पटत नाही.

डॉन जॉन्सनने केलेला गुप्त पोलीस सनी क्रॉकेट 'सनी बर्नेट' नावाचा स्मगलर बनून फिरतो. फिलिप मायकल थॉमसचा टब्स त्याचा जोडीदार. एक टोळी पकडली, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढच्या शुक्रवारी तोच बर्नेट, तीच बोट, तीच फेरारी, तेच शहर! मायामीतले गुंड एकमेकांशी बोलत नाहीत काय?

खऱ्या आयुष्यात एफबीआयचा जोसेफ पिस्टोन १९७६ पासून पाचेक वर्षं एकच खोटं नाव घेऊन न्यूयॉर्कच्या माफियात राहिला. ते काम संपलं, तो कोर्टात साक्षीला उभा राहिला आणि ते नाव कायमचं बाद झालं. खोटी ओळख एकदाच वापरता येते, हीच तर या कामातली भीती. ती काढून टाकली की टीशर्टवर चढवलेला इटालियन कोट आणि मोज्यांशिवायचे बूट एवढंच उरतं.

जुना_अँटेना
असहमत. कोटांच्या पलीकडे जरा बघा की.

१९८० चं मायामी आठवा. एका वर्षात क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० क्यूबन आले, त्याच वर्षी वांशिक दंगल झाली आणि कोकेनचा पैसा शहरभर खेळत होता. निर्माता मायकल मानने ते शहर फिकट गुलाबी-निळ्या रंगांत दाखवलं आणि मातकट रंगांना मज्जाव केला. तो गोडवा मुद्दाम आहे, कारण गोष्टींचे शेवट कडू आहेत. मोठा मासा सुटतो, साक्षीदार मरतो, नाहीतर वॉशिंग्टनहून कुणीतरी येऊन केसच गुंडाळतो. आणि एडवर्ड जेम्स ओल्मोसचा कॅस्टिलो, पथकाचा प्रमुख! काळा सूट, अर्धी वाक्यं, समोरच्याकडे न बघता बोलणं. १९८५ चा एमी हा टीव्हीचा पुरस्कार ओल्मोसला उगाच नाही मिळाला.

राहिला बर्नेट. १९८८ मध्ये स्फोटात स्मृती जाऊन क्रॉकेट स्वतःला खरोखर बर्नेट समजू लागतो आणि टोळीत सामील होतो. खोटी ओळख माणसाला गिळते हे यापेक्षा उघड कसं दाखवायचं?

निशाचर
स्मृतिभ्रंश?! हेच सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमात आलं की आपण पोट धरून हसतो. चार वर्षं त्या नावाने वावरून माणूस आतून बदलत गेला असं दाखवलं असतं तर टोपी काढली असती. इथे बॉम्ब लागला.

पाटावरवंटा
दोघंही बर्नेटवरच अडकलात. जीना आणि ट्रुडी याही त्याच पथकातल्या डिटेक्टिव्ह आहेत, आठवतंय का? पुरुषांचं वेषांतर म्हणजे बोट, फेरारी, शँपेन. बायकांचं म्हणजे बहुतेक वेळा तोकडे कपडे घालून रस्त्यावर उभं राहायचं.

पहिल्या सीझनच्या एका भागात जीनाला सोंग टिकवण्यासाठी एका गुंडाबरोबर झोपावं लागतं. त्याच भागात क्रॉकेट खबऱ्याचं नाव सांगत नाही म्हणून कोर्ट त्याला तुरुंगात टाकतं. त्याच्या वाट्याला तत्त्व, हिच्या वाट्याला ते. तरीही माझ्या मते त्या भागात मालिका गुप्त कामाच्या सर्वात जवळ जाते, कारण किंमत कोण मोजतं ते दिसतं. पुढच्या भागांत मात्र जीना पुन्हा फोन उचलायला बसलेली. राग येतो तो याचा.

जुना_अँटेना
याला उत्तर नाही माझ्याकडे. जीना झालेल्या सॉन्ड्रा सँटियागोला लेखकांनी वाया घालवलं.

शंकेखोर
फेरारीबद्दल बोला. मालिकेचा खुलासा असा की हा सगळा गुन्हेगारांकडून जप्त केलेला माल. प्रेक्षक हसून सोडून देतात. पण १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे मालिका सुरू होऊन महिना होतो न होतो तोच, अमेरिकेत जो केंद्रीय कायदा झाला त्यानं जप्तीच्या मिळकतीत स्थानिक पोलिसांना वाटा मिळायची सोय केली. जो जप्त करणार त्यालाच हिस्सा! त्यावरचा वाद आजही चालू आहे. मालिकेला यात काही खटकत नाही, उलट ती बोट तिला भारी वाटते. निशाचरला ती अवास्तव वाटते. मला ती या एका बाबतीत भलतीच वास्तव वाटते, आणि ते काही कौतुक नाही.

शिवाय १९८५ च्या जुलैत खुद्द मायामीच्या पोलिसांनी नदीवरच्या एका बोटीवर धाड घालून कोकेन लांबवलं. पाण्यात उड्या टाकणारे तीन तस्कर बुडून मेले. ते पोलीस गुप्त वगैरे नव्हते, गणवेशातले होते.

(अवांतर: सुरुवातीची काळी फेरारी नकली होती, कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर चढवलेली. मूळ कंपनी भडकली. मग तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ती उडवून दिली आणि खरी पांढरी फेरारी टेस्टारोसा आली. पथकातलं सर्वात यशस्वी वेषांतर त्या गाडीचंच.)

जुना_अँटेना
नदीवाल्या प्रकरणावरून माझाच मुद्दा पुढे जातो. शहर इतकं सडलेलं असताना पोलीस आणि तस्कर एकाच दुकानातले कपडे घालतात हे दाखवणं खोटं कसं?

निशाचर
दाखवणं खोटं नाही, दाखवून तिथेच थांबणं खोटं. क्रॉकेट विकला गेला असता तर? गणवेशातले विकले जात होते, आणि हा तर रोज लाखो डॉलरच्या बॅगांशेजारी बसतो. त्याला कधी मोह झाला, घरी जाऊन रात्रभर झोप लागली नाही, असा सलग धागा मला पाच सीझनमध्ये दाखवा. बॉम्ब न लागता.

पाटावरवंटा
निशाचर, तेवढा हट्ट चालेल. पण फिल कॉलिन्सच्या गाण्यावर रात्री गाडी चाललीय आणि क्रॉकेट मध्येच थांबून दुरावलेल्या बायकोला फोन करून विचारतो, आपलं जे होतं ते खरं होतं ना? पहिलाच भाग. तिथे बॉम्ब नाही.

निशाचर
तो सीन मान्य. पण तो पहिला भाग झाला. उरलेल्या शंभरावर भागांचं काय?