विमानतळावरून परत पाठवलं होतं, स्पाउस व्हिसाच्या फॉर्मात 'होय' लिहायचं का?

निपाणीची सून:

नमस्कार मंडळी. माझं माहेर नंदगड, सासर निपाणी. नवरा कॅनडात पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी आहे, मिसिसागाला एका गोदामात सुपरवायझर. लग्नाची रजिस्टर नोंद झालीय आणि आता स्पाउस स्पॉन्सरशिपचे फॉर्म भरायला घेतलेत. बाकी सगळं रेटलं, पण आयएमएम ५६६९, म्हणजे ते शेड्यूल ए, तिथं येऊन घोडं अडलंय.

त्यात एक प्रश्न असा की कॅनडाने किंवा दुसऱ्या कुठल्या देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारलाय का. त्याला लागूनच दुसरा, कुठल्या देशात प्रवेश नाकारलाय का, किंवा देश सोडून जायला सांगितलंय का. दोन्हींपुढे होय-नाहीचे चौकोन.

माझं झालंय असं. लग्नाआधी मी आखातात मावशीकडे व्हिजिट व्हिसावर निघाले होते. गोव्याच्या दाबोळी विमानतळावरून विमान. तिकडे काउंटरवर परतीचं तिकीट, पैसे, राहायचा पत्ता सगळं विचारलं. मावशीचा फोन काही लागेना. एका खोलीत बसवून ठेवलं, आणखी बायका होत्या, कुणी बांगलादेशी, कुणी आंध्राच्या. सकाळच्या विमानाने परत. पासपोर्ट माझ्या हातात दिलाच नाही. पाकिटात घालून विमानातल्या बाईंकडे दिला, तो दाबोळीला उतरल्यावर मिळाला. त्यावर त्या देशाचा शिक्का नाही. फक्त दाबोळीचा जाताना मारलेला आणि त्याच्याच शेजारी दुसऱ्या दिवशीचा, आल्याचा.

लग्नानंतर बेळगावातल्या एका एजंटाकडून कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा टाकला. तोही नाकारला. पत्रात होतं की कॅनडातली तुमची नाती आणि भेटीचं कारण बघता तुम्ही मुदत संपल्यावर परत जाल याची खात्री पटत नाही. तो फॉर्म एजंटानेच भरला होता, त्यात त्याने आखाताचं काय लिहिलं देव जाणे. मला फक्त सही करायला बोलावलं होतं.

आता मला डिपोर्ट तर केलं नव्हतं ना? मग 'प्रवेश नाकारला' यात हे बसतं का? आणि 'होय' केलं की फाइल बुडाली असंच समजायचं का? सासरी आखाताचं कुणाला माहीत नाही. नवऱ्याला अर्धंमुर्धं ठाऊक आहे, 'काम जमलं नाही म्हणून आले' एवढंच.

शहापूरचा पंटर:

ताई, काही लिहू नका. शिक्का नाही म्हणजे पुरावा नाही. आमच्या गल्लीतला एक जण असाच गेलाय, आज मजेत आहे. कॅनडावाल्यांना आखातातलं काय कळणार ओ? उगीच आपल्या हाताने धोंडा पायावर कशाला पाडून घ्यायचा.

टिळकवाडीची अक्का:

वर सल्ला दिलेल्या भावा, तुझ्या पाया पडते, असलं सांगू नकोस. गल्लीतला तो मजेत आहे हे तुला दिसतं. ज्यांचं फिसकटलं ते गल्लीत येऊन सांगत नाहीत, त्यांच्या फायली आमच्याकडे येतात. मी टिळकवाडीची, टोरोंटोला एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात कागद लावायचं काम करते. मी स्वतः वकील नव्हे, पण हे फॉर्म रोज हाताखालून जातात.

आता तू ऐक. 'डिपोर्ट' हा शब्द मनातनं काढून टाक आणि प्रश्न जसा छापलाय तसा वाच. तू दुसऱ्या देशाच्या दारात जाऊन उभी राहिलीस, तिथल्या अधिकाऱ्याने आत घेतलं नाही, मिळेल त्या विमानाने माघारी धाडलं. याला प्रवेश नाकारणंच म्हणतात. शिक्का मारला की नाही, मावशीचा फोन का लागला नाही, हे त्या चौकोनाला विचारायचंच नाहीय. तिथे 'होय'. कारण सांगायला खाली जागा ठेवलेली आहे. आणि शिक्का नाही म्हणतेस, तर ते दोन दाबोळीचे शेजारी शेजारी आहेत ते काय आहेत? पासपोर्ट उलगडून बघणारा कुणीही विचारील, ही बाई एका रात्रीत कुठं जाऊन आली?

व्हिसाच्या प्रश्नाला तर पर्यायच नाही, 'होय'. कॅनडाचा अर्ज, कॅनडानेच नाकारला, त्यांच्याकडे नोंद आहेच, मग परत कशाला लिहायचं असं म्हणून पुष्कळ जण तो रकाना 'नाही' करून सोडतात. याच्याइतका वेडेपणा नाही. ती नोंद फाइल बघणाऱ्याच्या समोरच्या पडद्यावर असते! शिवाय बोटांचे ठसे दिले असशील तर कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे पाच देश एकमेकांना ठशांवरून माहिती विचारतात, तेव्हा त्यातल्या दुसऱ्या कुणी नाकारलं असेल तेही झाकून राहत नाही.

फाइल बुडायचं म्हणालीस. नकाराने ती बुडत नाही. बुडते ती लपवल्याने. त्यांच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० आहे. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली किंवा दडवली की पाच वर्षं अपात्र, आणि तेवढ्या काळात पीआरचा अर्जच करता येत नाही. आधी ही मुदत दोन वर्षांची होती, नोव्हेंबर २०१४ पासून पाच केली. नवरा तिकडे, तू निपाणीत, पाच वर्षं. हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांचे फोन मी घेते.

उलट तुझ्या नकाराचं कारण बघ. व्हिजिटर म्हणून जाते म्हणालीस तेव्हा त्यांना वाटलं, नवरा तिकडे आहे, ही परत कशाला जाईल. बरोबरच होतं की त्यांचं! आता तू स्वतःच लिहून देतेस की मी नवऱ्याकडे कायम राहायला येते. त्या कारणात उरलं काय? स्पाउसच्या फायलीत ते बघतात लग्न खरं आहे की कॅनडात शिरायला केलंय. तिथे ताकद लाव. आयएमएम ५५३२ मध्ये ओळख कशी झाली, घरच्यांनी कसं जमवलं, लग्नाला कोण कोण होतं हे नीट लिही. फोटोंत नुसते स्टेजवरचे उभे फोटो देऊ नकोस, हळदीचे, पंगतीचे, नंतर नवरा सुट्टीला आला तेव्हाचेही दे.

आता आखाताचं लिहायचं कसं. फॉर्मातली जागा चिमुकली आहे. तिथे देश, महिना-वर्ष, 'विमानतळावर प्रवेश नाकारला, सोबतचं पत्र पाहावे' एवढं पुरे. वेगळ्या पत्रात पाच-सहा वाक्यं: कुठल्या तारखेला, कुठून कुठे, कुठल्या व्हिसावर, काय विचारलं, काय दाखवता आलं नाही, कधी परत आले. पुढे कुठलीही बंदी घातल्याचा कागद मिळाला नसेल तर तेही एका वाक्यात. दाबोळीच्या शिक्क्यांच्या पानाची प्रत जोड. रात्रभर बसवलं, कुणी नीट बोललं नाही, हे सगळं खरं असेल, पण ते नवऱ्याला सांग, पत्रात नको. मी बघितलेल्या पत्रांत सर्वात वाईट ती, ज्यात दोन पानं रडगाणं असतं आणि तारीखच नसते.

राहिला एजंट. त्याने तुझ्या व्हिजिटरच्या फॉर्मात 'नाही' केलं असेल तर हा खरा गुंता आहे. आधी ते बघून घे. नवऱ्याला तिकडून माहितीचा अर्ज करता येतो, आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच. पाच डॉलर फी, तुझं संमतीपत्र म्हणजे आयएमएम ५७४४ सही करून पाठव. जुन्या अर्जाची प्रत आणि अधिकाऱ्याच्या नोंदी दोन्ही माग. त्याला सगळे जीसीएमएस नोट्स म्हणतात. कायद्याने तीस दिवस, पण प्रत्यक्षात लांबतं, तेवढं थांब. त्यात 'नाही' दिसलं तर त्यांनी विचारायच्या आत तूच पत्रात सांग की मागच्या अर्जात हे चुकीचं गेलंय आणि खरं असं आहे. या एका बाबतीत मात्र घरच्या घरी लिहू नकोस, परवानाधारकाला पैसे दे. वकील किंवा आरसीआयसी, म्हणजे तिकडचा परवाना असलेला इमिग्रेशन सल्लागार. त्यांचं नाव त्यांच्या संस्थेच्या साइटवर शोधता येतं. आणि जो पैसे घेतो पण आयएमएम ५४७६ वर, म्हणजे तुझा प्रतिनिधी कोण ते सांगणाऱ्या फॉर्मावर, स्वतःचं नाव घालत नाही, त्याच्या दारात परत जाऊ नकोस. अर्ज तुझ्या नावावर, सही तुझी, उत्तरदायी तू. तो नामानिराळा.

सासरचा विषय माझा नव्हे, तरी बोलते. स्पॉन्सर नवरा आहे, दोघांचे फॉर्म एकत्रच चढतात, तो हे वाचणारच. फॉर्मातून कळण्यापेक्षा आज रात्री फोनवर तूच सांग. सासूबाईंना कधी सांगायचं ते दोघं मिळून ठरवा, कॅनडा सरकार त्यांना विचारायला निपाणीला येत नाही.

चिकोडीकर:

अक्का, माझंही बघा की जरा. २०२२ च्या डिसेंबरात मी दुबईला निघालो होतो. पासपोर्टवर माझं नुसतं नाव, सरनेमचा रकाना कोरा, शाळेच्या दाखल्यावर जसं होतं तसंच उतरलेलं. गोव्याला चेक-इन काउंटरवरच थांबवलं, म्हणाले एकेरी नावाला आता चालत नाही. तिकिटाचे पैसे गेले ते गेले. आता बायको कॅनडात नर्स आहे, ती मला बोलावतेय. मलाही 'होय' का?

टिळकवाडीची अक्का:

तुमचं वेगळं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएईने एकेरी नावाच्या पासपोर्टाला व्हिजिट आणि टुरिस्टसाठी मनाई केली होती, त्यात पुष्कळ लोक अडकले. पण तुम्ही त्या देशाच्या अधिकाऱ्यासमोर गेलाच नाही. विमान कंपनीने चढू दिलं नाही, तुम्ही भारतातच होता. याला 'प्रवेश नाकारला' म्हणत नाहीत. तुमचा व्हिसा आधी मंजूर होऊन नंतर त्या देशाने रद्द केल्याचा मेल वगैरे आलाय का, तेवढं मात्र तपासा. आला असेल तर तो पत्रात सांगा. आणि सरनेम आधी पासपोर्टात घालून घ्या, नाहीतर बायकोचे कागद एका नावाचे आणि तुमचे दुसऱ्याच, त्यावरून वेगळी वरात निघेल.

निपाणीची सून:

अक्का, काल सांगितलं त्यांना. थोडा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, 'एवढंच होय? मला वाटलं आधी लग्नबिग्न झालंय की काय.' संमतीपत्रावर आज सही करून पाठवते. दोन शंका. मी त्या देशात एक रात्र होते, तर तिथलं पोलीस क्लिअरन्स लागेल का? आणि माझा जन्मदाखला कानडीत आहे, दीर कानडी शाळेत मास्तर आहेत, ते इंग्रजी करून देतो म्हणतात.

कोर्टाजवळचा टायपिस्ट:

दुसऱ्या शंकेचं मी सांगतो. दिरांचं भाषांतर कितीही चोख असू दे, चालणार नाही. घरच्या नातेवाइकाने केलेलं ते घेत नाहीत. बेळगावात कोर्टाच्या आवारात भाषांतर करणारे बसतात. नुसता नोटरीचा गोल शिक्का आणून भागत नाही. भाषांतर करणाऱ्याने स्वतः प्रतिज्ञापत्र करायचं असतं, की दोन्ही भाषा मला येतात आणि भाषांतर बरोबर आहे. सोबत मूळ कानडी कागदाची प्रत. आमच्याकडे लोक भाषांतर एका टेबलावर आणि बाँड दुसऱ्या टेबलावर करून घेतात, मग प्रतिज्ञापत्रात तिसऱ्याच माणसाचं नाव. सही करायच्या आधी नाव वाचा बाई.

टिळकवाडीची अक्का:

नवरा भला निघाला, बरं झालं. पोलीस क्लिअरन्स ते अठरा वर्षांनंतर सलग सहा महिने किंवा जास्त जिथे राहिलीस त्या देशांचं मागतात. विमानतळावरच्या खोलीतल्या रात्रीला नाही. तुझं भारताचंच, पासपोर्ट सेवाच्या साइटवरून अर्ज कर. पत्ता निपाणीचा दिलास तर तिथल्या पोलिसांकडून चौकशी येते, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर पोलीस दारात बघून आणखी एक प्रकरण.

हुक्केरीचा पाव्हणा:

अमेरिकेच्या फॉर्मालाही हेच सगळं लागू का? मेव्हणीचं चाललंय. तिला आधी मुंबईच्या मुलाखतीत २२१ जी ची चिठ्ठी दिली होती, कागद मागितले होते, नंतर व्हिसा मिळाला.

टिळकवाडीची अक्का:

पाव्हणं, प्रत्येक देशाचा प्रश्न वेगळा असतो, तो त्याच फॉर्मातला वाचायचा. कॅनडा विचारतो 'कुठलाही देश'. ब्रिटनचा फॉर्मही ब्रिटन आणि इतर सगळे देश विचारतो. अमेरिकेच्या डीएस-२६० मधला, म्हणजे तिकडे कायम राहायच्या व्हिसाच्या फॉर्मातला, हा प्रश्न अमेरिकेपुरता आहे: अमेरिकेचा व्हिसा नाकारला का, तिथे प्रवेश नाकारला का, किंवा दारातच आपण होऊन प्रवेशाचा अर्ज मागे घेतला का. आणि २२१ जी हा त्यांच्या हिशेबाने नकारच आहे, नंतर व्हिसा मिळाला तरी. तिने 'होय' करून खाली लिहावं, अमुक तारखेला २२१ जी, कागद दिल्यावर व्हिसा मंजूर.