मदत हवी आहे: ख्रिस्ती असणं म्हणजे नेमकं काय?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. एका प्रश्नावर अडले आहे, जाणत्यांनी मदत करावी.

लहानपणी बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरणही (मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी). रविवारची उपासना सहसा चुकत नाही. पण परवा मुलीने विचारलं, "आपण ख्रिस्ती म्हणजे कोण गं?" आणि मला धड सांगता आलं नाही. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये ११:२६ मध्ये अंत्युखिया या प्राचीन शहरात येशूच्या शिष्यांना पहिल्यांदा 'ख्रिस्ती' म्हटलं गेलं असं येतं. ते नाव लोकांनी त्यांचं वागणं बघून दिलं असावं, असं मला वाटतं. माझ्याकडे बघून कोणी देईल का?

खरी अडचण पुढेच आहे. इफिसकरांस २:८-९ म्हणतं, तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे; कर्मांनी नाही. याकोब २:१७ म्हणतं, कृतीवाचून विश्वास निर्जीव. मत्तय ७:२१ वाचलं की तर पोटात गोळाच येतो: नुसतं 'प्रभू, प्रभू' म्हणून भागत नाही. १९९९ मध्ये कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी याच प्रश्नावर संयुक्त घोषणापत्र केलं, त्यात सत्कृत्यांना कृपेची फळं मानलं आहे. हे पटतं. पण फळ दिसतच नसेल तर? एका नातेवाइकाला मी ४ वर्षं क्षमा करू शकलेले नाही. प्रार्थनेत शब्द ओठांवर येतात, मन येत नाही.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया सांगा: मन बदलायची वाट पाहिलीत, की मन नसतानाच पाऊल टाकलंत? आणि १० वर्षांच्या मुलीला हे कोणत्या शब्दांत सांगाल?