चर्चा: साथ उशिरा कळते, कारण 'संशयित' रुग्ण कळवायला आपल्याला कुणी शिकवतच नाही

नेरुळ_लॅब
मी नेरुळला एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पावसाळ्यात एक चिठ्ठी हमखास येते: ताप दुसऱ्या दिवसाचा आणि तपासणी डेंग्यू आयजीएमची. ती निगेटिव्ह येणारच. आयजीएम शोधते त्या अँटिबॉडी साधारण पाचव्या दिवसापासून सापडतात, त्याआधी विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस१ करायची असते. घरच्यांना सांगितलं जातं, "डेंग्यू नाही," आणि तो रुग्ण कुठल्याच यादीत येत नाही. उलट झटपट होणारी कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर "एलायझाने (लॅबमधल्या जास्त खात्रीच्या तपासणीने) पक्कं झाल्यावर बघू" म्हणून थांबतात.
आरोग्य खात्याला कळवायला पक्कं निदान लागत नाही. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण आहे आणि त्यात फॉर्मच तीन आहेत: आरोग्यसेविकेने लक्षणांवरून भरायचा एस, डॉक्टरने संशयावरून भरायचा पी, लॅबचा एल. आता हे सगळं पोर्टलवर आहे. पोलिओच्या वेळी पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की लगेच कळवायचं, शौचाचे दोन नमुने नंतर. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण २०११ चा. मग तापाच्या बाबतीत आपण वाट का बघतो? माझ्या मते प्रशिक्षणात रोग शिकवतात, कळवणं शिकवत नाहीत.

वागळेचा_डॉक्टर
ताई, साफ असहमत. अज्ञानाचा शिक्का आमच्यावर मारू नका. मी कळवलं की पालिकेची माणसं घरी जातात, पिंप-कुंड्या तपासतात, धूर मारतात. दुसऱ्या दिवशी पेशंट दारात: "डॉक्टर, आमचं नाव तुम्ही दिलंत?" पुढच्या वेळी तो समोरच्या दवाखान्यात जातो. टीबीत तर मुलीचं जमलेलं लग्न मोडेल या भीतीने आई-बाप हात जोडतात. हे कुठल्या कार्यशाळेत सुटतं?

नेरुळ_लॅब
भीती खरी आहे, डॉक्टर. पण टीबी कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, खाजगीलाही. नोंद झाली की पेशंटच्या खात्यात उपचार चालू असेपर्यंत पोषणाचे महिना १००० रुपये येतात, घरातल्यांची तपासणी होते, प्रतिबंधक गोळ्या मिळतात. हे त्या आई-बापाला त्याच खुर्चीत बसून सांगितलं तर? तुम्ही सांगत असालही. बहुतेक ठिकाणी सांगितलं जात नाही, कारण सांगणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

स्टाफनर्स_ठाणे
दोघांनाही थोडं ऐकवते. माहिती वर जाते, खाली काही येत नाही, हे खरं दुखणं. आमच्या आशाताई घरोघर फिरून ताप मोजतात. त्या आकड्याचं पुढे काय झालं, ते त्यांना कधीच कळत नाही. मग पुढच्या आठवड्यात मन लावून कोण लिहील?
आणि उशीर म्हणजे काय ते लेप्टोत बघा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापात. गुडघाभर पाण्यातून चालून आलेल्या माणसाला आजार होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन ७२ तासांच्या आत द्यायची. गरोदर बाई असेल, आठ वर्षांखालचं पोर असेल, तर ती चालत नाही, ॲझिथ्रोमायसिन लागते. ताप, लाल डोळे, पोटऱ्या ठणकतात असा पेशंट चार दिवसांनी कळवला तर त्याच गल्लीत पाणी तुडवलेल्या बाकीच्यांची ती वेळ टळून गेलेली असते. त्यामुळे "पेशंट रागावतो" हे मला पटत नाही, डॉक्टर. शेजारच्या घरातलाही तुमचाच पेशंट ना?

मुंब्र्याची_आशा
सिस्टर बरोबर बोलल्या. आम्हाला पोर्टलमधलं फार कळत नाही. २०२२ ला मुंबई-भिवंडीत गोवर पसरला तेव्हा आम्हाला एकच वाक्य सांगितलं होतं: ताप आणि अंगावर पुरळ दिसलं की कळवा, गोवर आहे की नाही ते तुम्ही ठरवू नका. ते डोक्यात बसलं. दोन-दोन दिवसांच्या ट्रेनिंगमधलं बाकी काही आठवत नाही. प्रत्येक आजाराचं असं एक वाक्य द्या.

नेरुळ_लॅब
आशाताई, मला हेच म्हणायचं होतं. डेंग्यूचं वाक्य मी देते: पाच दिवसांच्या आत एनएस१, नंतर आयजीएम, आणि संशय आला त्याच दिवशी कळवा.

वागळेचा_डॉक्टर
वाक्य घेतलं, काउंटरवर चिकटवतो. पण माझा मुद्दा सोडत नाही. दवाखान्यात मी एकटा, कंपाउंडर अर्धा दिवस. पोर्टलचा पासवर्ड शोधत बसू की समोरचं फणफणलेलं पोर तपासू? वॉर्डाचा एक नंबर द्या, जो रात्री नऊलाही कुणी उचलेल, आणि आठवड्याने मला सांगा की माझ्या दोन गल्ल्यांत किती निघाले. तेवढं झालं तर पेशंटचा राग मी अंगावर घेईन.